हात तेच आहेत, मग चुका का होतात?

"मॅडम, माह्या डोक्यात काही बिघाड झाला का, तेवढं सांगा." माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग मापात कापणारे. आयटीआय केलेले, मायक्रोमीटर लावण्याआधी नुसत्या आवाजावरून टूलची धार गेलेली ओळखणारे. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) बायको सोबत होती. "हे घरी आले का भिंतीकडे तोंड करून पडतात. लेकरांशीही बोलत नाहीत."

आठ महिन्यांपूर्वी हातानं चालवायची जुनी लेथ काढून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली. मशीनवाल्यांचा इंजिनिअर दोन दिवस शिकवायला आला, तेव्हा समोर बसले सुपरवायझर आणि ऑफिसातली माणसं. यांना सांगितलं, तुम्ही प्रॉडक्शन सांभाळा, तुम्हाला नंतर दाखवू. ते 'नंतर' आलंच नाही. मग जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, मापात बसेनात, लॉट परत येऊ लागले, दोन मेमो मिळाले आणि सगळ्यांदेखत ऐकावं लागलं, "बावीस वर्षांचा अनुभव काय कामाचा?"

हिंगणा, बुटीबोरीकडून येणारे कुशल कामगार माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात: मी संपलो का? झोप, भूक, दारू याबद्दल मी आधी विचारते. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारते. विचारल्यानं तो विचार कुणाच्या मनात पेरला जात नाही, बहुतेकांना मोकळंच वाटतं. ते 'नाही' म्हणाले, पण पहाटे तीनपर्यंत डोळा लागत नव्हता. डॉक्टरांकडे पाठवलं. रात्री मन फारच जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर लावा, असं दोघांनाही सांगितलं.

मग एक वही दिली. जॉब बिघडला की लिहायचं: किती वाजता, त्याआधी काय केलं, ते काम कुणी शिकवलं होतं का. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ इन्सर्ट (टूलच्या टोकाचं धारेचं पातं) बदलल्यानंतर लगेचच्या.

आता कुणाला तरी विचारायचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड. "पोराच्या वयाच्या अप्रेंटिसले विचारू? सारे हसतीन." एक अख्खं सत्र आम्ही तेवढ्या एका वाक्याच्या तयारीत घालवलं.

पुढच्या वेळी आले ते कागद-पेन्सिल मागतच. त्यांच्या जुन्या लेथवर डायल 0.02 मिमी फिरवला की व्यास 0.04 नं कमी व्हायचा, कारण टूल एका बाजूनं आत जातं. म्हणून हात आपसूक फरकाचा अर्धा धरायचा. नव्या मशीनवर मात्र एक्सचा ऑफसेट (टूल किती आत-बाहेर घ्यायचं त्याची दुरुस्ती) व्यासातच भरायचा होता: माप 0.04 जास्त असेल तर उणे 0.04. हे उणे 0.02 भरत होते. "पाच मिनिटाचं काम होतं मॅडम. आठ महिने मले कोणीच नाही सांगितलं." एवढं बोलून ते रडले.

मलाही संताप आला. बावीस वर्षांत हाताला लागलेली शहाणी सवयच त्यांना खोटं पाडत होती, आणि दोष लावला गेला त्यांच्या डोक्याला. जबाबदारी पुरेपूर आणि हातात अधिकार काहीच नाही, अशा कामात माणूस सगळ्यात जास्त खचतो, हे कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्येच मांडलं होतं. इथे तर प्रोग्रामलाही पासवर्ड होता आणि तो सुपरवायझरकडे.

म्हणून 'मन खंबीर करा' एवढाच सल्ला अशा माणसाला देणं मला अन्याय वाटतो. आधी तपासा, काम शिकवलं होतं का.

ऑपरेटरांना अर्धा दिवस ट्रेनिंग द्या, असं त्यांनी मॅनेजरला लिहून दिलं. शनिवारी एक तास मिळाला. लॉट परत येणं कमी झालंय, झोपही बरीच सुधारली. दोन्ही मेमो मात्र अजून फाइलीत आहेत. ते मागे घ्यावेत म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही अर्ज लिहिला. त्याला त्यांनी वहीतली ती अकरा नोंदींची पानं झेरॉक्स करून जोडली.