'स्थिती' नको, 'ठाण' म्हणा

प्रश्न असा आहे: वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करताना अधूनमधून डोक्याचे एक्स-रे काढतात. त्यासाठीच्या सूचनापत्रकात 'प्रत्येक वेळी रुग्णाची स्थिती सारखीच ठेवावी' असं छापलं आहे. इथे 'स्थिती' बरोबर आहे का? नसेल तर 'पोझिशनिंग'ला काय म्हणावं? आणि 'एक्स-रे' लिहावं की 'क्ष-किरण'?

बरोबर नाही. 'रुग्णाची स्थिती' म्हटलं की मराठी माणसाच्या कानात पुढचा शब्द वाजतो तो 'गंभीर' किंवा 'स्थिर'. ज्या उपचाराचा सगळा हेतूच जबड्यात आणि दातांत बदल घडवण्याचा, तिथे 'स्थिती सारखीच ठेवावी' लिहिणं म्हणजे उपचार करू नका असं सांगणं. तरीही हे वाक्य पुन्हापुन्हा दिसतं. कारण एकच, 'पोझिशन म्हणजे स्थिती' हे समीकरण. परिभाषा घडवणारे ते डोळे मिटून लावतात, बोलीत आधीपासून काय आहे ते बघतच नाहीत.

बोलीत 'ठाण' आहे. संस्कृत 'स्थान', प्राकृत 'ठाण', मराठी 'ठाण'. धनुर्धारी बाण सोडण्याआधी पाय, कंबर, खांदा जसे रोवतो ते त्याचं ठाण. 'ठाण मांडून बसणे' यात तोच शब्द आहे. शरीर मुद्दाम एका जागी, एका ढंगात रोवणं हा अर्थ त्यात पुरेपूर भरलेला आहे, आणि एक्स-रे काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पोलीस ठाण्यामुळे हा शब्द रांगडा वाटतो, अशी तक्रार काही भाषापंडित करतात. 'स्थानक' चालतं आणि 'ठाण' चालत नाही, हे मला पटत नाही.

आता खरी गंमत. ज्या चौकटीत डोकं धरतात तिचं नाव सेफॅलोस्टॅट. 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट या दंतवैद्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही पद्धत मांडली. दोन्ही कानांत दांड्या, नाकाच्या मुळाशी टेकू, आणि किरणांचा उगम डोक्याच्या मध्यपातळीपासून (डावं-उजवं विभागणाऱ्या) ठरलेल्या अंतरावर, बहुधा पाच फुटांवर. या नावातला 'स्टॅट' म्हणजे ग्रीक 'स्टाटोस', उभा, रोवलेला. त्याचा धातू आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ. म्हणजे ठाण, ठेवणे, ठेवण आणि सेफॅलोस्टॅट ही एकाच घरातली मंडळी! दातांची ठेवण सुधारायला डोक्याचं ठाण साधायचं, ते सेफॅलोस्टॅटमध्ये. एवढं जुळून आलेलं असताना 'स्थिती'च्या मागे कशाला लागायचं?

'सेफॅलो' (ग्रीक 'केफाले', डोकं) म्हणजे आपलं 'कपाल', असं मात्र ठोकून देऊ नका. मोठमोठ्या जाणकारांकडून हे ऐकलं आहे, आणि ते साफ चूक आहे. ग्रीक 'फ'च्या जागी संस्कृतात 'भ' येतो: फेरो–भरामि, फ्रातेर–भ्रातृ. 'केफाले'तल्या 'फ'समोर 'कपाल'मधला 'प' उभाच राहू शकत नाही. नुसत्या कानाला लागणाऱ्या साम्यावर व्युत्पत्ती रचणं बंद व्हायला हवं. 'ऑर्थोडॉन्टिक्स' म्हणजे दात सरळ करण्याची ही विद्या; तिच्या नावातला 'ओदोन्त' मात्र निःसंशय आपला 'दन्त'.

'मान सरळ ठेवा' ही सूचनाही तपासायला हवी. सरळ, पण कशाला धरून? 1882 मध्ये फ्रँकफुर्टला मानववंशशास्त्रज्ञांनी एक पातळी ठरवली: कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी. ती जमिनीला समांतर धरतात. पण ही रेषा प्रत्येकाच्या कवटीत थोडी वेगळी कलते, म्हणून डोक्याचं नैसर्गिक ठाण घेण्याचीही रीत आहे: समोरच्या आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायला सांगायचं आणि चित्रात एक ओळंबा सोडायचा. (ओळंबा हा संस्कृत 'अवलंब'. लोंबणारा, म्हणूनच खरा उभा.)

ठाण चुकलं तर काय होतं? हनुवटी थोडी वरखाली झाली तर हाडांमधले कोन तेच राहतात, पण घशातली हवेची वाट आणि ओळंब्यावरून घेतलेली मापं बदलतात. चेहरा डावी-उजवीकडे वळला तर जबड्याच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात आणि मापंही बिघडतात. दात मिटलेले, ओठ सैल, हेही दर वेळी तसंच हवं. दोन वर्षांनी जुन्या चित्रावर नवं ठेवून पाहताना जो फरक दिसेल तो वाढीचा किंवा उपचाराचा असायला हवा, मान वळल्याचा नव्हे.

तेव्हा पत्रकात लिहा: 'दर वेळी डोक्याचं ठाण तेच असावं.' 'क्ष-किरण' आणि 'एक्स-रे' दोन्ही चालतात. फक्त 'क्ष-किरण काढला' म्हणू नका. किरण सोडतात, काढतात ते चित्र.