पहिली वाघीण

डब्लिन, रविवार रात्र

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. मॉडेल रेल्वेच्या, बिस्किटांच्या डब्यात भरलेल्या अकरा जुन्या ब्रिटिश वाघिणी वीस युरोंना म्हणजे सौदा वाईट नाही. नुसत्या चाकांचे पैसे धरले तरी वसूल. (वॅगनची वाघीण करणारी आपली भाषा! इतकी वर्षं इथे काढली, तरी मालगाडी दिसली की माझ्या तोंडून तोच शब्द येतो.)

त्यांच्या आयरिश वाघिणी कशा करायच्या यावर चार पानं प्रश्न विचारलेस आणि त्यातली तीन गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर, खर्च केलीस. तेव्हा ते दुखणं आधी निपटू.

आयर्लंडची मोठी लाइन ५ फूट ३ इंचांची. सुरुवातीला इथेही ज्याचं त्याचं माप वेगळं होतं. डब्लिन-किंग्जटाउन लाइन ४ फूट साडेआठ इंचांची, तर उत्तरेकडची अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंचांची. शेवटी ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडच्या पॅस्ली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सगळ्यांचं ऐकून मधलाच एक आकडा काढला आणि १८४६च्या कायद्याने तो देशभर कायम झाला. आपल्या मॉडेलांच्या प्रमाणात, ज्याला ओओ म्हणतात, खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे ३ इंचांना १ मिलिमीटर. एवढं पाठ कर, पुढे कॅल्क्युलेटर लागणार नाही. ५ फूट ३ इंच म्हणजे ६३ इंच, भागिले ३, बरोब्बर २१ मिलिमीटर. बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५चा. खऱ्या मापात तो भरतो ४ फूट दीड इंच. म्हणजे तुझी वाघीण साडेतेरा इंच अरुंद पायांवर उभी राहणार. कल्याणच्या पुलावर उभं राहून गाड्या बघत वाढलेल्या पोराला हे खुपणार, कळतं मला. पण आपलं ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, त्याला याच प्रमाणात २२ मिलिमीटर लागतात. ओओच्या रुळावर डेक्कन क्वीन चालवणाऱ्याचं दुखणं तुझ्यापेक्षा एक मिलिमीटर मोठं आहे, आणि तरी तो चालवतोच.

२१ मिलिमीटरवर काम करणारी माणसं इथे आहेत. स्लीपरपासून सांध्यापर्यंत (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते) सगळं हाताने. त्यांचं काम पाहिलं की हात जोडावेसे वाटतात. पण माझ्या ओळखीतले दोघे तिथून सुरुवात करायला गेले आणि पहिल्या सांध्यातच अडकले. एकाने पुढे मासे पाळले. तू पहिल्या दहा वाघिणी १६.५वरच कर. तीन फुटांवरून, बाजूने बघणाऱ्याला गेज दिसत नाही, चाकं ॲक्सलबॉक्सच्या, म्हणजे आसाच्या टोकावरच्या पेट्यांच्या, आड असतात. त्याला दिसतो तो वाघिणीचा बांधा, तिचा रंग, आणि ती रुळावर सरळ उभी आहे की एका पायावर लंगडते आहे, एवढंच.

आता तुझं ते एक वाक्य, जे तू भीतभीत शेवटी लिहिलंस: ब्रिटिश वाघीण कापून आयरिश करणं ही लबाडी वाटते.

अरे, या देशातल्या रेल्वेने जन्मभर दुसरं केलं काय! हातात पैसा कमी, त्यामुळे आहे त्यातूनच नवं काढायचं ही इथली जुनी खोड. कौंटी डोनेगलची ३ फुटी लाइन घे. क्लॉगर व्हॅली रेल्वेला नको झालेलं एक वाफेवरचं ट्रॅक्टर-इंजिन तिने १९३२मध्ये घेतलं, त्यात डिझेल इंजिन बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं फिनिक्स. बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात गेलास तर शोध त्याला. डंडॉकच्या कारखान्यात तर रस्त्यावरच्या बसगाड्या रुळांवर आणल्या. त्यासाठी हवेचा टायर पोलादी धावेच्या आत बसवलेलं खास चाक तिथल्या दोघा इंजिनिअरांनी काढलं होतं. १९५०च्या दशकात इथल्या रेल्वेचे मुख्य इंजिनिअर बुलीड साहेब यांनी एका जुन्या वाफेच्या इंजिनावर, ३५६ नंबरच्या, कोळशाऐवजी पीट (दलदलीतली वाळवलेली माती) जाळण्याचे प्रयोग केले. ए आणि सी वर्गाच्या डिझेल इंजिनांमधली क्रॉसली मोटर त्रास देऊ लागली, तेव्हा सांगाडा तोच ठेवून आत जनरल मोटर्सची बसवली. क्रेव्हन्स कंपनीचे प्रवासी डबे म्हणजे १९६०च्या दशकातली शान, पण शेफिल्डहून तयार आले ते पहिले काही. बाकीच्यांचे सुटे भाग आले आणि ते डब्लिनमधल्या इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यात जोडले. म्हणजे किटच की!

यातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण बीटच्या वाघिणींचं. बुलीडच्या काळातल्या पन्हाळीदार पत्र्याच्या उघड्या वाघिणी जुन्या झाल्या होत्या. १९८०च्या दशकात त्यातली एक पेटी दुसऱ्या पेटीवर चढवली, खाली २० फुटी सपाट वाघिणीची चौकट घेतली, झाली दुप्पट माल घेणारी वाघीण तयार. वेक्सफर्डकडचं साखरेचं बीट त्या उंच, ओबडधोबड पेट्यांतून मॅलोच्या कारखान्याला जात राहिलं, २००६मध्ये कारखाना बंद होईपर्यंत. त्या वाघिणीच्या बाजूला मधोमध जो आडवा जोड दिसतो ना, तो लपवायचा कोणी प्रयत्नसुद्धा केला नव्हता. तू प्लॅस्टिकवर करवत चालवणार असशील तर याच घराण्यातला आहेस.

तर कामाला लागू. डब्यातल्या अकरांपैकी एकच बाहेर काढ, बाकी डबा कपाटावर टाक. कुठली काढायची? पट्टी घे आणि पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर मोज. ४० मिलिमीटर भरलं तर १० फूट. पेटी कशीही बदलता येते, चौकट बदलताना मात्र नाकी नऊ येतात. म्हणून चौकटीचं माप जिच्याशी जुळेल ती आयरिश वाघीण निवड, उलटं करू नकोस. तुझ्या तिसऱ्या फोटोत डावीकडे जी साधी फळ्यांची उघडी वाघीण दिसते ती मला बरी वाटते.

मग एक फोटो शोध. एकच, पण वर्ष माहीत असलेला. ह्यूस्टन स्टेशनात आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीचं ग्रंथालय आहे, तिथे नकाशे आणि चित्रं बघता येतील. डाउनपॅट्रिकला खऱ्या ५ फूट ३ इंची रुळांवर जुन्या गाड्या जपल्या आहेत. शक्य झालं तर एक दिवस तिथे जा आणि वाघिणीच्या टोकाकडचा भाग पाहून ये. टोकाकडचा म्हणतोय. फोटोवाले सगळे बाजूने फोटो काढतात, आणि मॉडेल टेबलावर येताना-जाताना टोकच आधी नजरेत भरतं. उभे टेकू किती, फळ्या किती, बफरची आडवी पट्टी लाकडी की लोखंडी, हे कागदावर काढून आण.

चौकट जोडताना घाई नको. एक बाजू चिकटव, चाकं घाल, दुसरी बाजू लाव आणि लगेच काचेच्या तुकड्यावर उभी कर. आरसाही चालतो, उलट तोच जास्त बरा, खालची फट दुप्पट दिसते. एका कोपऱ्यावर बोट टेकवून बघ. ठक् वाजलं तर चौथं चाक हवेत आहे. प्लॅस्टिक चिकटवायचं द्रावण वाळण्याआधी दोन-तीन मिनिटं हातात असतात, तेवढ्यात हलकेच पीळ देऊन चारही चाकं टेकव. गुण्या लावून आस काटकोनात आहेत का बघ. जी चौकट गुण्यात नाही तिच्यावर कितीही सुंदर पेटी ठेव, ती सांध्यावर उतरणारच.

नव्या बाजू करायला अर्ध्या मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पत्रा पुरे. कटरने आरपार कापायचं नाही. दोनदा हलकी रेघ ओढायची आणि वाकवून मोडायचं. फळ्यांच्या रेघा पात्याच्या उलट्या बाजूने ओढ, म्हणजे खाच पडते, काप जात नाही. आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही, ती तुला सांगतो. पत्र्यावर पत्रा चिकटवून जाड बाजू करशील तेव्हा आतल्या थराला आधी चार-सहा भोकं पाड. द्रावणाची वाफ दोन थरांत कोंडली की बाहेर पडायला वाट शोधते आणि महिन्याभरात तुझी सरळ भिंत पापडासारखी वळते. भोकं असली की ती आतल्या बाजूने निघून जाते.

पुढे कधी रेझिनचं किट घेशील तर त्याला हे द्रावण चालत नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतं. आधी भांडी घासायच्या साबणाने धू, वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ कर. घासताना तोंडाला मास्क. त्या भुकटीशी खेळ नाही.

वजन. एका आसामागे साधारण २५ ग्रॅम, म्हणजे दोन आसांच्या वाघिणीला ५०. मी पहिली बंद वाघीण केली तेव्हा मोठ्या हुशारीने आत शिशाचे छर्रे ओतले आणि वर फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद. वर्षभर छान धावली. मग एका सकाळी बघतो तर छप्पर एका बाजूने उचललेलं आणि बाजू पोटुशीसारख्या फुगलेल्या. शिसं आणि तो गोंद यांचं आत हळूहळू काहीतरी शिजत राहतं, पांढरी भुकटी तयार होते, आणि ती मूळ शिशापेक्षा जास्त जागा मागते. चार महिन्यांचं काम मी हाताने फोडून कचऱ्यात टाकलं. तुझ्या उघड्या वाघिणीला शिशाची गरजच नाही. आयर्लंडमध्ये २०१५पासून दुकानदार रोखीचा हिशेब पाच सेंटांवर आणतात, त्यामुळे घरोघरी दोन सेंटांची नाणी बरणीत पडून असतात. एक नाणं तीन ग्रॅमचं. दहा नाणी तीन ढिगांत तळाला इपॉक्सीने चिकटव, वर थर्माकोलचा तुकडा, त्यावर माल. नाणी टाकण्याआधी वाघीण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ म्हणजे झालं.

रंगाच्या बाबतीत माझी फजिती ऐक. इथल्या एका प्रदर्शनात मी माझी राखाडी वाघीण मांडली होती, खालची चौकट काळीकुळकुळीत रंगवून. एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “सुरेख आहे. इंग्लंडहून कधी आली?” काळी चौकट हा ब्रिटिश शिरस्ता. इथे पेटीचा जो रंग तोच खालपर्यंत. सीआयई या इथल्या सरकारी वाहतूक कंपनीच्या जुन्या वाघिणी अशा अख्ख्या राखाडी, १९७०च्या सुमाराला तपकिरी आला. कंपनीचं चिन्हही वर्ष बघून लाव. जुनं ते पंखवालं, ज्याला इथले लोक उडती गोगलगाय म्हणतात. १९६०च्या दशकात ते जाऊन तुटलेल्या चाकासारखं दुसरं आलं. चिकटवायची अक्षरं लावण्याआधी चकचकीत व्हार्निशचा एक हात दे आणि लावल्यावर मॅट. नाहीतर अक्षरांच्या कडेने चांदीसारखी झिलई दिसते आणि सगळं नाटक उघडं पडतं.

आणि धूळ-गंज दाखवायचा तर हात आखडता घे. मालगाडी घाण असते हे खरं, पण ती फोटोतल्यासारखी घाण कर, मनातल्यासारखी नको.

इंजिनाबद्दल विचारलं आहेस. आत्ता नाही.

माल म्हणून बीटच भर. शरद ऋतू लागला की कार्लो, मॅलो, थर्ल्स, ट्यूम या चारही साखर कारखान्यांकडे उघड्या वाघिणींच्या रांगा लागायच्या. बीटचा कांदा चार-पाच इंचांचा, म्हणजे आपल्या प्रमाणात दीड मिलिमीटरचा. मी बाजारात मिळणारे मण्यांचे सगळे प्रकार आणून बघितले, आणि शेवटी उत्तर बायकोच्या मिसळणाच्या डब्यात सापडलं: मोहरी. मळकट पांढऱ्या रंगात घोळव, वरून चिखलाच्या रंगाचं पातळ पाणी सोड. दोन-चार दाणे चौकटीच्या कडेवर सांडलेले ठेव. खऱ्या वाघिणींवरही ते तसेच अडकून पडलेले असायचे.

नाताळात डब्लिनला येशील तेव्हा ही एकच वाघीण घेऊन ये, अर्धवट असली तरी चालेल. माझ्या टेबलावर एक दुष्ट सांधा आहे, तो भल्याभल्यांना पाडतो. तिला त्यावरून बोटाने ढकलून बघू, मग जेवू.

तुझा
काका

ता. क. मोहरी आधी कोरडीच भाजून घे. माझी शेड ओलसर, गोंदात मी पाणी जरा सढळ हाताने घातलेलं, आणि मॅलोला निघालेल्या माझ्या एका वाघिणीत चौथ्या दिवशी हिरवे कोंब उभे होते.