“ताई, दुसरा डोळाही जाणार का?”

तिशीतली मुलगी, तिची ओळख कळेल असं काही मी सांगत नाही. एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे अचानक अंधार, दुखणं अजिबात नाही. रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, आर्टरी रक्ताच्या गुठळीने ब्लॉक झाली होती, नजर थोडीशीच परत आली. एवढ्या कमी वयात असं झालं की डॉक्टर हृदय आणि मानेतल्या रक्तवाहिन्या तर बघतातच, शिवाय रक्त नको तितकं गोठतंय का तेही तपासतात. हिची अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी, म्हणजे रक्तात गुठळ्या व्हायचा धोका वाढवणारी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आली.

माझ्यासमोर बसली तरी बोलता बोलता मधेच उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायची आणि डाव्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं वाचायची, रात्रीही उठून मोबाईलचा टॉर्च लावून हेच, झोप पार उडालेली. “खरं सांगा ताई, हाही जाणार ना?”

“काही होणार नाही गं” असं मी म्हटलं नाही, ते खोटं ठरलं असतं. धोका आहे, पण कारण हाती लागलं तर तो कमी करायला औषधं आहेत, आणि ही टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार पक्का असं नसतं, इन्फेक्शननंतरही ती काही काळ पॉझिटिव्ह येते, म्हणून किमान 12 आठवड्यांनी परत करतात. हे तिला कुणी नीट बसून सांगितलंच नव्हतं.

मग रडत रडत खरं बाहेर आलं. ती इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होती, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो, म्हणून त्या आता बंद केल्यात, पण “मीच माझा डोळा घालवला” हे डोक्यातून जाईना. तिला म्हटलं, अगं या गोळ्या कितीतरी जणी घेतात, बहुतेकींना असं काही होत नाही, आणि तुझ्या रक्तात काय आहे हे तुला आधी कळणार तरी कसं होतं?

तपासणीचं असं ठरवलं: सकाळी एकदाच, एकेक डोळा झाकून, तेच पान वाचायचं. अचानक अंधार आला, भले पाच मिनिटांत गेला तरी, थेट स्ट्रोकवर उपचार होतात त्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, चष्म्याच्या दुकानात नाही आणि “सकाळी बघू” तर अजिबात नाही, रक्त थांबलं की रेटिना काही तासांतच कायमची खराब होते.

आईला मात्र वेगळं बसवून सांगावं लागलं की रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, कारण घरात “एवढ्या गोळ्या कशाला” सुरू झालं होतं.