अर्धवट राहिलेल्या हस्तकला आणि ‘माझ्या स्वभावातच खोट आहे का?’ हा प्रश्न

“मी एकही कला धड शिकत नाही, सगळे अर्धवट सोडते, माझ्या स्वभावातच काही खोट आहे का?” हा प्रश्न समुपदेशनात मुख्य तक्रार म्हणून क्वचितच येतो. झोप, चिडचिड किंवा उदासी अशा दुसऱ्याच कारणाने आलेली व्यक्ती बोलण्याच्या ओघात तो मांडते, आणि मांडताना मूळ तक्रारीपेक्षाही अधिक ओशाळते. हा प्रश्न किरकोळ नाही असे मला वाटते, कारण ‘मी काही पूर्ण करत नाही’ हे वाक्य मनात घर करून बसले की ते छंदापुरते राहत नाही आणि माणूस स्वतःकडेच त्या नजरेने पाहू लागतो.

पंचेचाळिशीच्या एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी अशाच आल्या होत्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. त्या एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहत होत्या आणि रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही ही त्यांची तक्रार होती. मन रमेल असे काही करता का, असे विचारल्यावर त्या थोड्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, “करते की, पण माझं सगळं नव्याचे नऊ दिवस.” गेल्या काही वर्षांत त्यांनी क्रोशे (आकड्याच्या सुईने केलेले विणकाम), भरतकाम, मॅक्रमे (दोरीला गाठी मारून शोभेच्या वस्तू करणे) आणि मातीकाम करून पाहिले होते. प्रत्येक वेळी उत्साहाने साहित्य आणले, काही आठवडे हात चालला आणि मग ते सामान कपाटाच्या एका खणात गेले. घरात त्यावरून ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असा टोमणा ठरलेला होता. तो त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की आता त्या स्वतःच तो आधी बोलून दाखवत असत. तो खण उघडणे त्या टाळत होत्या, आणि नवे काही करून पाहावेसे वाटले की आधी अपराधी वाटत असे.

‘धरसोड वृत्ती’ हा शिक्का खरा मानण्यापूर्वी ती वृत्ती आयुष्यात इतरत्र दिसते का, हे पाहावे लागते. त्यांच्या कार्यालयातले हिशेब वेळेवर पूर्ण होत होते, घरातली बिले कधी चुकत नव्हती, आजारी सासूबाईंची औषधे त्यांनी दीर्घकाळ न चुकता सांभाळली होती. जी व्यक्ती एवढे सगळे तडीस नेते, तिच्यात चिकाटी नाही असे म्हणायला आधारच उरत नाही. हे मी त्यांच्यापुढे मांडले तेव्हा त्या म्हणाल्या, “ते तर करावंच लागतं, मॅडम.” मला हे उत्तर महत्त्वाचे वाटले. जे करावेच लागते ते त्या करत होत्या. प्रश्न होता तो जिथे कोणतीही सक्ती नव्हती तिथला.

पुढच्या भेटीला मी त्यांना त्या खणातले सगळे सामान पिशवीत घालून आणायला सांगितले. सोडून दिलेल्या गोष्टींविषयी नुसते बोलत राहिले तर माणूस ‘मला कंटाळा येतो’ एवढ्यावरच थांबतो, वस्तू हातात घेतली की मात्र हात नेमका कुठे थांबला ते दिसते. आम्ही त्या वस्तू टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवला: शेवटचे काम केले त्या दिवशी काय झाले होते?

भरतकामाच्या फ्रेममध्ये एक वेल होती. तिची तीन पाने भरीव टाक्याने भरलेली होती आणि चौथे अर्धे राहिले होते. त्या चौथ्या पानाभोवतीचे कापड चुण्या पडून गोळा झाले होते. सुई तिथेच, कापडात टोचलेली होती. मातीकामातला कप त्यांनी एका जुन्या रुमालात गुंडाळून आणला होता, त्याचा कान जिथे जोडला होता तिथे तडा गेला होता. दोन्ही ठिकाणी त्यांनी काढलेला निष्कर्ष एकच होता: “माझा हातच चांगला नाही.” प्रत्यक्षात कापडाला चुण्या पडतात त्या दोरा जास्त ओढला गेल्यामुळे किंवा फ्रेममध्ये कापड सैल बसल्यामुळे. कपाचा पातळ कान जाड भांड्यापेक्षा लवकर सुकतो आणि लवकर आकसतो, म्हणून जोडावर ताण येऊन तडा जातो. दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ मातीचा लेप लावला आणि भांडे झाकून सावकाश सुकू दिले, तर हा धोका बराच कमी होतो. या शिकवून दूर होणाऱ्या अडचणी होत्या. त्यांनी त्या स्वतःच्या कुवतीवरचा निकाल म्हणून वाचल्या होत्या. हिशेबाच्या कामात चूक म्हणजे दोष, तो शोधायचा आणि त्याचा जाब द्यायचा, ही सवय इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेली असल्यामुळे हातातल्या मातीलाही त्यांनी तोच नियम लावला होता.

मॅक्रमेची गोष्ट वेगळी निघाली. भिंतीवर टांगायची एक पट्टी सुमारे निम्मी झाली होती, गाठी एकसारख्या आणि घट्ट होत्या, कुठेही चूक नव्हती. मग का सोडले? बराच विचार करून त्या म्हणाल्या, “गाठी कशा पडतात ते कळलं, पुढे तेच तेच होतं.” सपाट गाठीचा पहिला अर्धाच भाग एकाच बाजूने पुन्हा पुन्हा बांधला की दोरीला आपोआप पीळ पडत जातो, हे उमगले तो दिवस त्यांना फार आनंदाचा गेला होता. हे सांगताना त्यांचा चेहराच बदलला. त्यांना जे हवे होते ते त्यांना मिळाले होते, पट्टी पुरी होणे ही त्यांची गरजच नव्हती. कुतूहल भागल्यावर काम थांबणे आणि भीतीने काम थांबणे या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, आणि टोमणा मारणाऱ्याला तो फरक दिसत नाही. स्वतःला मात्र तो दिसायला हवा.

क्रोशे सुटण्याचे कारण तिसरेच होते, आणि ते मला सर्वांत जास्त लागले. साखळी आणि खांब हे विणीचे टाके घालत बसणे त्यांना मनापासून आवडत होते. चूक झाली की दोरा ओढायचा, वीण उसवते आणि तोच दोरा पुन्हा वापरता येतो. त्यांच्यासारख्या, चुकीला घाबरणाऱ्या व्यक्तीला ही केवढी मोकळीक होती! मग कार्यालयातल्या एकीने त्यांनी विणलेला रुमाल पाहिला, कौतुक केले आणि पैसे देऊन मागणी नोंदवली. पाठोपाठ आणखी दोन-तीन मागण्या आल्या. त्यानंतर रात्री सुई हातात घेतली की पहिला विचार ‘कधी द्यायचे आहे?’ हा येऊ लागला, आणि मागण्या कशाबशा पुऱ्या करून त्यांनी क्रोशे बंद केले.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले असता, बक्षिसाच्या आश्वासनावर चित्र काढलेली मुले इतरांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास वेळ चित्रकलेला देत होती. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र घटलेली दिसली नाही. हा प्रयोग लहान मुलांवरचा आहे, आणि विक्रीतून आनंद मिळवणारे अनेक कारागीर असतात हेही खरे. पण आवडीने केलेल्या कामाला मोबदल्याची अट जोडली गेली की ओढ कशी आटते, हे बाईंना त्यातून चटकन कळले. त्यांच्याकडून क्रोशे सुटले ते त्याचे मागणीबरहुकूम करायचे काम झाल्यावर.

मग आम्ही प्रत्येक वस्तूविषयी निर्णय घेतला. अर्धवट कामे मनात घोळत राहतात, पण त्यांचा सल जाण्यासाठी ती पूर्णच करावी लागतात असे नाही. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की राहिलेल्या कामाविषयी नेमके कधी, कुठे आणि कसे करायचे हे ठरवले, तरी त्या कामाचे विचार पुन्हा पुन्हा मध्ये येणे कमी होते. सोडायचे म्हणून ठामपणे ठरवले तरी तसाच हलकेपणा येतो, हा माझा व्यवसायातला अनुभव आहे. मॅक्रमेची पट्टी होती तिथेच गाठ मारून संपवली, उरलेली दोरी शेजारच्या मुलीला दिली. वेलीचे चौथे पान उसवून, कापड फ्रेममध्ये ताणून पुन्हा भरायचे ठरले. उसवल्यावर कापडावर सुईची भोके काही काळ दिसतील, हे त्यांनी आधीच मान्य केले. क्रोशे पुन्हा सुरू झाले ते एका अटीवर, की वर्षभर कोणाचीही मागणी घ्यायची नाही. नकार कसा द्यायचा याचा आम्ही भेटीत सराव केला, कारण त्यांना तोच सर्वांत अवघड वाटत होता.

घरच्यांचा प्रश्न राहिला होता. मी त्यांना घरच्यांशी वाद घालायला सांगितले नाही. टोमणा आला की “मी हे पूर्ण करण्यासाठी करत नाही, रमण्यासाठी करते” एवढेच वाक्य म्हणायचे आणि विषय बदलायचा, असे ठरले. कला येत नसेल तर तिचा उपयोग काय, असे घरच्यांप्रमाणे त्यांनाही वाटत होते. म्हणून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला कलोपचाराच्या संशोधक गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास मी त्यांना सांगितला. त्यात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे चित्रे, माती, चिकटकाम यांपैकी आवडेल ते केले आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झाले. पूर्वी कलेचा अनुभव होता की नव्हता याने त्यात लक्षणीय फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत, पण हात सफाईदार झाल्याखेरीज हाताला विसावा मिळत नाही ही समजूत सोडायला तो पुरेसा आहे.

प्रत्येकाच्या बाबतीत उत्तर हेच असेल असे नाही. नोकरी, अभ्यास, पैशांचे व्यवहार, नाती या सगळ्याच ठिकाणी कामे अर्धवट राहत असतील आणि ते लहानपणापासून तसेच असेल, तर अवधान कमी असण्याच्या विकाराची, म्हणजे एडीएचडीची, तपासणी करून घ्यावी. त्याच्या निदानासाठी काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. एकाएकी झोपेची गरज कमी होऊन उत्साह अफाट वाढला, आवाक्याबाहेर खर्च करून एकामागून एक छंदांचे साहित्य घेतले जाऊ लागले, तर मनोविकारतज्ज्ञांना लवकर भेटणे आवश्यक आहे. आणि पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटेनासा झाला असेल, तर तो छंदाचा प्रश्न राहत नाही, नैराश्याच्या दिशेने विचारपूस व्हायला हवी. या बाईंच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. झोपेसाठी आम्ही वेगळे उपाय केले आणि ती हळूहळू सुधारली.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले की वही बांधण्याची कला शिकावीशी वाटते आहे, घेऊ का साहित्य? मी सांगितले की आधी एकच वही बांधा, घरातल्या कोऱ्या कागदांची, जाड सुई आणि मजबूत दोरा एवढ्यावर. दाब देण्याचा साचा आणि चामडे तिसऱ्या वहीनंतरही हवेसे वाटले तर घ्या. आणि पहिल्या वहीनंतर थांबावेसे वाटले, तर का थांबलात ते त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.