आधी सपाट, मग दिशा

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तू एकच विचारलास, स्कायडायव्हिंगसाठी १७० चौरस फुटांच्या पॅराशूटवरून १३५ वर जाऊ का. पण मधल्या परिच्छेदात जे सहज लिहून गेलीस, तिथेच मी अडकलो. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, असताना दीडशे फुटांवर वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फिरलेला दिसला, वारा पाठीवर येतोय म्हणून तू डावा टॉगल, म्हणजे वळवायची मूठ, ओढून जवळजवळ काटकोनात वळलीस, कॅनपी, म्हणजे उघडलेलं पॅराशूट, जेमतेम सपाट होते न होते तोच पाय टेकले, आणि कडेला उभ्या असलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओही आहे म्हणे. नको पाठवूस.

१३५ चं नंतर बोलू. आधी त्या वळणाचं.

वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, हे पहिल्या दिवसापासून आपल्याकडून इतकं घोटून घेतात की पुढे तो नियम राहत नाही, धर्म होऊन बसतो. आणि धर्म म्हटलं की माणूस त्यासाठी जीव द्यायलाही तयार होतो. यूएसपीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या, शिक्षणक्रमात उतरण्याचे अग्रक्रम काय आहेत, आठव: पहिलं, कॅनपी सपाट. दुसरं, मोकळी जागा. तिसरं, निदान अर्ध्या ब्रेकपर्यंत फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी दोन्ही टॉगल एकदम ओढून वेग मोडणं. चौथं, पाय जोडून लोळण. वाऱ्याची दिशा या चारांत कुठेही नाही. ती नंतर येते, जमलं तर. हे तुला मी शिकवलं नसलं तरी कुणीतरी शिकवलंच असणार, पाठही असेल. पण दीडशे फुटांवर पाठांतर कामाला येत नाही. तिथे हात सवयीने चालतात.

आकडे मांडून बघ. तुझी कॅनपी पूर्ण वेगात ताशी वीसेक मैल पुढे जाते असं धरू. वारा आठ मैलांचा. समोरून असेल तर जमीन बारा मैलांनी सरकते, पाठीमागून असेल तर अठ्ठावीस. फ्लेअर नीट केलास की दोन्हीकडे बरंच कमी होतं. म्हणजे पाठीवर वारा घेऊन उतरलीस तर जमीन भर्रकन येईल, तू दोन पावलांत धडपडशील, लोळशील, कोपर खरचटेल, जम्पसूट फाटेल. घोटा दुखावलाच तर काही आठवडे घरी बसशील. हे सगळं आडव्या वेगाचं आहे, आणि आडवा वेग लोळून, घसरून जिरवता येतो.

आता वळणाचं बघ. एक टॉगल ओढलास की ती बाजू मागे राहते, कॅनपी कलते, आणि तू खालून बाहेरच्या बाजूला झोकली जातेस. उचलून धरणारा जोर आता सरळ वर नसतो, तिरका असतो. उतरण्याचा वेग वाढतो. टॉगल सोडलास तरी लगेच काही होत नाही. कॅनपी अजून डाइव्हमध्ये असते, तू पुन्हा तिच्याखाली येईपर्यंत उंची जातच राहते. खरं वळण संपतं ते तेव्हा, टॉगल वर गेला तेव्हा नाही. जोरात ओढलेल्या वळणात शंभर-दोनशे फूट सहज जातात, कॅनपी लहान असेल तर आणखी. ती उंची तुझ्याकडे नसेल तर उरलेला वेग जमीन घेते, आणि तो वेग उभा असतो. एवढ्या उभ्या वेगाला लोळण पुरी पडत नाही.

पाठीवरचा वारा खरचटवतो. खालचं वळण मांडीचं हाड मोडतं, किंवा त्याहून वाईट. एवढा साधा हिशेब आहे आणि तरी दरवर्षी चांगली शिकली-सवरलेली माणसं चुकीची बाजू निवडतात. आधी सपाट, मग दिशा.

माझ्या ओळखीचा एक जण आजही पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरतो. मी धावत पोचलो तेव्हा त्याची कॅनपी शेजारी पसरली होती. एक टाका उसवलेला नव्हता, दोऱ्या सगळ्या शाबूत, स्लायडर जागेवर, ब्रेक सुटलेले, म्हणजे पॅराशूट चोख उघडलेलं. उजवा टॉगल अजून त्याच्या मुठीत होता. शुद्धीवर होता तो, आणि पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे? 'वारा फिरला रे.' जणू वाऱ्यानेच त्याला आपटलं होतं.

आमच्या आधीच्या पिढीला भीती होती ती पॅराशूट न उघडण्याची. १९९१ मध्ये सायप्रेस आलं, रिझर्व्ह म्हणजे राखीव पॅराशूट आपोआप उघडणारी डबी. साधारण ७५० फुटांवर तू अजून सेकंदाला ३५ मीटरहून जास्त वेगाने पडत असशील तर ते स्वतःच रिझर्व्हच्या लूपवर कात्री चालवतं. त्या डबीने किती जीव वाचवले याला गणती नाही. पण चांगल्या उघडलेल्या कॅनपीखाली दीडशे फुटांवर टॉगल ओढणाऱ्याला ती काय सांगणार? तिच्या लेखी तू सुखरूप आहेस. आपल्या खेळात माणसं आता मोठ्या संख्येने उत्तम चालणाऱ्या कॅनपीखाली मरतात, आणि त्यावर कुठलंही यंत्र नाही. हात आवरणं एवढंच आहे.

तू म्हणशील, 'पण मी तर नीट उतरले.' उतरलीस. तुझ्या १७० ने तुला सांभाळून घेतलं. आता १३५ वर येऊ.

तू गणित मांडून पाठवलंस ते बरोबर आहे. तू आणि सगळा सरंजाम मिळून ७० किलो, म्हणजे १५४ पाउंड. विंग लोडिंग, म्हणजे पाउंडांतलं वजन भागिले कॅनपीचे चौरस फूट, १७० वर ०.९१, १३५ वर १.१४. 'माझे मित्र १.३ वर उडतात, मी तर कुठेच नाही.' शंभर उड्यांमागे ०.१ वाढवायचं, एकपासून सुरुवात, हा ठोकताळाही तू दिलास; सव्वाशे उड्यांना १.१२ येतं, तुझं १.१४. वकिलासारखी बाजू मांडलीस. पण विंग लोडिंग हा एक आकडा आहे, कॅनपीचा स्वभाव नाही. लहान कॅनपीच्या दोऱ्या आखूड असतात. तू तिच्या जवळ लटकतेस, झोका छोटा, म्हणून तीच ओढ दिली तरी ती जास्त झटकन कलते, झटकन डाइव्ह धरते. सरंजामासकट एकशे नऊ किलोचा माणूस २१० वर १.१४ घेऊन उडतो आणि तू १३५ वर १.१४ घेऊन उडतेस, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. हलक्या वजनाच्या मुलींना हे कुणी सांगत नाही. 'अगं तू तर अंडरलोडेड आहेस' म्हणून दोन-दोन आकार खाली ढकलतात. नेदरलँड्ससारख्या देशात उड्यांच्या संख्येप्रमाणे कॅनपीचा किमान आकार नियमानेच बांधून दिलेला आहे. हौशी लोक त्याला जाच म्हणतात. मला तो फार आवडतो, कारण तिथे कुणाला नाही म्हणायला माझ्यासारखा खडूस म्हातारा लागत नाही.

खडूस हा शब्द मी उगीच वापरला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी जुनी १२० विकायची होती. एक पोरगा पैसे घेऊन आला. मी विचारलं, फायनलवर वारा फिरला तर काय करशील? म्हणाला, 'वळेन.' मी कॅनपी पिशवीत भरली आणि विकली नाही. त्याने दुसरीकडून तसलीच घेतली. आजतागायत झकास उतरतो, आणि भेटला की चारचौघांत मला चिडवतो: 'बघा, अजून जिवंत आहे.' लोक हसतात. हसू देत. तो जिवंत आहे याचा मला आनंदच आहे, पण त्याने माझा नकार चुकीचा ठरत नाही. त्या उत्तरावर त्या दिवशी मी दुसरं काही करूच शकत नव्हतो. उद्या तो पुन्हा आला आणि तेच म्हणाला तर पुन्हा विकणार नाही. मैत्री पातळ झाली ती झाली.

आणि तू पत्रात नेमकं त्याचंच उत्तर दिलंस. म्हणून एवढं पाल्हाळ.

स्वूप करणाऱ्यांबद्दल, म्हणजे मुद्दाम वळून वेग घेऊन जमिनीलगत सुसाट उतरणाऱ्यांबद्दल, तू लिहिलंस, 'तेही खालीच वळतात ना?' नाही. त्यांचं वळण खाली नसतं, ठरलेलं असतं. २००६ मध्ये व्हिएन्नाला कॅनपी पायलटिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली; या प्रकाराला स्वतःची शिस्त आहे: वेगळी उडी, वेगळी लेन, शेकडो फुटांवर आखलेला आरंभबिंदू, आणि तो दहा-वीस फुटांनी चुकला तर सरळ सोडून देऊन साधं उतरायचं. चांगला स्वूपर मोडून टाकलेल्या वळणांवरून ओळखावा. आपल्याकडे मात्र टाळ्या फक्त पुऱ्या केलेल्या वळणांना पडतात, आणि त्या टाळ्या वाजवणारे तुझ्यासोबत रुग्णवाहिकेत बसणार नसतात.

मला खंत आहे ती वेगळी. ज्या वर्षांत हात शिकतात ती वर्षं मी फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पडताना, आकृत्या जुळवण्यात घालवली, आणि कॅनपीला घरी नेणारी बस समजलो. खिडकीतून बाहेर बघत यायचं, थांबा आला की उतरायचं. कॅनपीखालची ती चार-पाच मिनिटं रोज फुकट मिळत होती आणि मी ती वाया घालवली. तुझ्या वयात यूएसपीएच्या बी लायसन्ससारखी कॅनपी कोर्सची सक्ती माझ्यावर असती तर मीही कुरकुर केली असती म्हणा.

तेव्हा १३५ चा विषय सध्या बंद. तुझ्या १७० वर आधी या गोष्टी कर. पाच हजार फुटांवरून उडी मार, लगेच उघड, आणि अडीच हजारांच्या वर असतानाच खेळ. दोन्ही टॉगल अर्ध्या ब्रेकवर आण, मग एक किंचित वर सोड. कॅनपी फारशी न कलता सपाट फिरेल. नव्वद अंशांत किती उंची गेली ते अल्टिमीटरवर बघ. मग तेच वळण एक टॉगल पूर्ण ओढून कर आणि पुन्हा बघ. दोन्ही आकडे लिहून ठेव. माझ्या चार पानी पत्रापेक्षा ते जास्त बोलतील. फ्लेअर चालू असताना दिशा थोडी दुरुस्त करायला शीक. मंद वाऱ्यात, इतरांना सांगून, मोकळ्या मैदानात मुद्दाम आडव्या वाऱ्यावर उतर.

आडव्या वाऱ्यावर तुला एक गंमत दिसेल. शेवटच्या दहा फुटांत आपण एका बाजूला ढकललो जातोय असं वाटतं आणि त्या बाजूचा हात आपोआप जमिनीकडे जातो, पडताना टेकायला. पण त्या हातात टॉगल असतो. हात खाली गेला की कॅनपी त्याच बाजूला वळते, म्हणून आणखी पडल्यासारखं वाटतं, म्हणून हात आणखी खाली. व्हिडिओत लोक म्हणतात, वाऱ्याच्या झोताने पाडलं. झोत कसला, स्वतःचाच हात. दोन्ही हात अंगासमोर, एका उंचीला ठेव आणि ढकललं जात असशील तर जा. सपाट जा.

हजार फुटांवर डाउनविंड म्हणजे वाऱ्याबरोबरचा टप्पा, सहाशेच्या आसपास बेस म्हणजे आडवा टप्पा, तीनशेला फायनल. वारा मंद आणि लहरी असेल तर विमानात बसण्याआधीच उतरायची दिशा सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि मग विंडसॉक नाचला तरी ती बदलू नका. तीनशेच्या खाली तुझ्यापुरता वाऱ्याचा प्रश्न संपला. फिरला तर फिरला. आधी सपाट.

१७० विकायची जाहिरात टाकली असशील तर काढ. पुढच्या महिन्यात मी येतोय. लॉगबुक घेऊन ये, त्यात ते उंचीचे आकडे हवेत. १५० वर बसवायचं का ते तेव्हा ठरवू. १३५ वर बसवायचं नाही, हे आत्ताच ठरलंय. रागावलीस तर रागाव, पण पत्राला उत्तर दे.