जुने कपडे आफ्रिकेत पाठवू का?

नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलवीनच्या एका ताईंचं पत्र आलंय. दहा वर्षांच्या लेकीने शाळेत गरीब देशांबद्दल ऐकलं आणि घरातले जुने कपडे चार पिशव्यांत भरून ठेवले. आफ्रिकेत पाठव म्हणते. ताई विचारतात, यातून कुणाचं खरंच भलं होतं का, आणि रोजच्या जगण्यात आपण आणखी काय करू शकतो?

ताई, लेकीचं मन मोठं आहे, तिला नाही म्हणू नका. पण पिशव्या जुने कपडे गोळा करायच्या कंटेनरमध्ये टाकायच्या आधी तिला शेजारी बसवून एकदा उपसा. हे कपडे बहुतेक वेळा फुकट वाटले जात नाहीत, गाठी बांधून विकले जातात. घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, कांतामांतो नावाचा मोठा बाजार आहे. आठवड्याला सुमारे 1.5 कोटी कपडे तिथे येतात असा अंदाज आहे. दुकानवाली बाई अनेकदा कर्ज काढून गाठ घेते, तीही आत काय आहे हे न बघता. धड शर्ट निघाले तर चार पैसे सुटतात; काखेत पिवळे पडलेले, विटके टी-शर्ट निघाले तर मुद्दलही जातं. न खपलेल्यातलं बरंच शेवटी नाल्यांतून समुद्रकिनाऱ्यावर पोचतं. म्हणून प्रत्येक कपडा हातात घेऊन लेकीला विचारा, हा आपण आपल्या मावसबहिणीला देऊ का? देणार असू तरच तो पिशवीत.

खरं सांगायचं तर कपड्यांपेक्षा मोठं काम तुमच्या फडताळातल्या चॉकलेटने होईल. कोकोची आयात करणारं जगातलं सर्वांत मोठं बंदर तुमच्या शेजारीच आहे, ॲमस्टरडॅम. झानडाममध्ये तर वारा फिरला की कोको भाजल्याचा वास हवेत असतो. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो, तोही बहुतांशी लहान शेतकऱ्यांकडून. फळं कोयत्याने फोडायची, चिकट पांढऱ्या गरातल्या बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवत दिवसभर हाताने वरखाली करायच्या. एवढं करून भाव दुसऱ्याच्या हातात. 2024 च्या एप्रिलमध्ये जागतिक बाजारात कोको टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, तेव्हा या दोन देशांतल्या शेतकऱ्यांना सरकारने ठरवलेला, त्याहून कितीतरी कमी भाव मिळत होता. कांदा विकून मोकळं झाल्यावर बाजार चढलेला ज्यांच्या घरात पाहिलाय, त्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको.

म्हणून वेष्टनावर फेअरट्रेडची खूण बघा. या खुणेची सुरुवात तुमच्याच नेदरलँड्समध्ये, 1988 साली, मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीपासून झाली. बाजार पडला तरी किमान भाव मिळतो, आपल्या हमीभावासारखा. वर सोसायटीला जादा रक्कम मिळते. कोकोसाठी 2019 पासून ती टनामागे 240 डॉलर झाली. तिचं काय करायचं, विहीर की शाळेची खोली की नवी रोपं, हे सभासद बैठकीत ठरवतात. या खुणेने गरिबी संपत नाही, आणि लेकीलाही तसं सांगू नका. पण पाठीशी किमान भाव असलेला शेतकरी कर्जासाठी कमी वेळा हात पसरतो. घेणार तेवढंच घ्या, थोडं महाग पडलं तरी चालेल. मंडळाच्या दिवाळीला कॉफी आणि मुलांचा खाऊ मोठ्या प्रमाणात येतो. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा.

आणि पिशवीतून बाजूला पडलेल्या कपड्यांचं काय? रिपेअर कॅफे, म्हणजे स्वयंसेवकांच्या मदतीने मोडक्या-फाटक्या वस्तू दुरुस्त करायची जागा, 2009 साली ॲमस्टरडॅममध्येच सुरू झाली. तुटक्या चेनचा कोट घेऊन जा, लेकीला सोबत न्या, सुई तिच्या हातात द्या.