बायोमेडिकलची पहिली नोकरी, बाँड आणि ओरिजिनल मार्कशीट

सांगलीची मुलगी, बी.ई. बायोमेडिकलचं शेवटचं वर्ष, पुण्यातल्या एका मेडिकल इक्विपमेंट डीलरकडून सर्व्हिस इंजिनिअरची ऑफर, दोन वर्षांचा बाँड, आणि घरून ‘मिळतेय ती घे’. तुझी पोस्ट वाचताना क्षणभर वाटलं, ही मीच २०११ साली लिहून विसरले की काय. अहोजाहो करत नाही, माझ्या भाचीच्या वयाची असशील.

तू तीन प्रश्न विचारलेस: ब्रँचला स्कोप आहे का, ही नोकरी घेऊ की गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) देऊ, आणि मुलीला फील्डवर जमतं का. तिन्हींबद्दल खाली लिहिते. पण तू कंसात सहज एक वाक्य लिहून गेलीस, ‘दहावीपासूनच्या ओरिजिनल मार्कशीट जमा करायच्या आहेत’, आणि मी हे सगळं टाईप करतेय ते त्या कंसापायी.

माझी कथा अशी. मुंबईतलं एक कॉलेज, २०११ची बॅच. कॅम्पसला आल्या त्या सगळ्या आयटी कंपन्या. वर्गातले निम्मे तिकडे गेले आणि खरं सांगायचं तर सुखात आहेत. मला मशीनवर काम करायचं होतं. एका डीलरकडे लागले: व्हेंटिलेटर, मॉनिटर, डिफिब्रिलेटर. हातात चौदा हजार. एचआर म्हणजे एकच बाई. तिने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि माझी निळी प्लास्टिकची फाइल होती तशी उचलून लोखंडी कपाटात ठेवली. दहावी, बारावी, आठ सेमच्या आठ मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट. ‘सेफ राहील गं इथे,’ म्हणाली. मी वर तिला थँक्यू म्हटलं! पावती मागितली नाही, काय काय दिलं त्याची यादी केली नाही, आणि घरी झेरॉक्स होत्या त्याही पाचव्या सेमपर्यंतच्याच.

पुढच्या वर्षी गेट दिली. तेव्हा बायोमेडिकलचा वेगळा पेपर नव्हता, तो २०२० पासून आला. आम्ही इन्स्ट्रुमेंटेशनच्या पेपरला बसायचो आणि प्रोसेस कंट्रोलवर मार्क घालवायचो. तरी स्कोअर बरा आला, मुलाखत झाली, एका चांगल्या संस्थेत बायोमेडिकलच्या एम.टेक.ला सीट मिळाली. प्रवेशाला मूळ कागद दाखवायचे होते. त्यांनी महिन्याभराची मुदतही दिली, म्हणजे त्यांना बोल लावायला जागा नाही.

कंपनी म्हणाली, उरलेला बाँड पूर्ण कर, नाहीतर पाऊण लाख भर, मग फाइल ने. चौदा हजारांत पाऊण लाख! बाबांना सांगायलाच मी आठवडा लावला.

मग वाटलं, डुप्लिकेट काढू. परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेले.

‘डुप्लिकेट मिळेल. हरवल्याची पोलीस तक्रार जोडा.’
‘हरवल्या नाहीत, कंपनीने ठेवल्यात.’
‘मग कंपनीकडून आणा की.’

खिडकी बंद. जेवणाची सुट्टी. दुसऱ्या खेपेला दुसरे गृहस्थ होते, त्यांनी हेच वाक्य जरा प्रेमाने ऐकवलं. कॉलेजात गेले, म्हटलं निदान ‘ही विद्यार्थिनी उत्तीर्ण आहे’ एवढं पत्र द्या, संस्थेला दाखवते. क्लार्क म्हणाले, देतो की, त्यात काय, ओरिजिनल मार्कशीट दाखवा. मी हसले. ते हसत नव्हते. एकूण पाच खेपा, प्रत्येक खेपेला अर्धा दिवस पगार कट, आणि पाचही वेळा तेच गोल फिरून मी पुन्हा रस्त्यावर. त्यातल्या एकालाही खोटं सांगितलं असतं तर माझं काम झालं असतं, खरं सांगितल्यामुळे अडलं, हे मला आजही पचलेलं नाही.

शेवटी खोटं सांगायलाही गेले. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, कुठे हरवलं? म्हटलं, लोकलमध्ये. कुठली लोकल, किती वाजता, पिशवी कसली? दुसऱ्या प्रश्नाला माझी ततपप. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘पोरी, हरवलंय का कुणी अडवून ठेवलंय? अडवलं असेल तर त्याच्याविरुद्ध दे, आत्ता लिहून घेतो.’ त्या महिन्यात एवढाच एक माणूस माझ्या बाजूने बोलला आणि मी घाबरून ‘घरी विचारून येते’ म्हणत सटकले. मुदत संपली, सीट गेली. बाँड पूर्ण करून २०१३ मध्ये फाइल परत मिळाली तेव्हा कुणीतरी सगळे कागद पंच करून बॉक्स फाइलला लावलेले होते. सातव्या सेमच्या मार्कशीटला दोन भोकं आहेत, त्यातलं एक बरोबर माझ्या आडनावातून गेलंय. एम.टेक. राहिलं ते राहिलंच.

आता माझी चूक कुठे झाली? बाँडवर सही केली ही नव्हे. दोन वर्षं तिथे मी जे शिकले ते चार वर्षांच्या कॉलेजात शिकले नव्हते. चूक ही की कागद दिले, पावती घेतली नाही, आणि परत मागितले तेही तोंडी. पूर्ण महिन्यात मी कंपनीला एक ईमेल केली नाही. पुढे ओळखीच्या एका वकिलांना सांगितलं तर ते म्हणाले, लेखी मागणी आणि नंतर नोटीस गेली असती तर बहुतेक आठवड्यात फाइल सुटली असती. बहुतेक. मी वकील नाही, त्यामुळे पुढचं वाचून कुणाशी भांडायला जाऊ नकोस, आधी खऱ्या वकिलाला विचार. पण माझी समज अशी: बाँड आणि कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बाँड बेकायदेशीरच असतो, खुशाल सही कर आणि पळ’ असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते साफ चुकीचं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तेव्हा सही करशील तर पाळायच्या तयारीने कर, आणि रक्कम तुझ्या पगाराच्या मानाने किती आहे ते बघ. बाँड मोडला तर कंपनीने पैसे मागावेत. मार्कशीट म्हणजे काही सोनं नव्हे गहाण ठेवायला.

हल्ली डिजिलॉकरमध्ये मार्कशीट मिळतात आणि त्या ग्राह्य धरा असं यूजीसीने विद्यापीठांना सांगितलेलं आहे. तुझ्या सगळ्या सेमच्या तिथे दिसतात का ते आजच बघ. पण त्या भरवशावर कागद देऊन टाकू नकोस. ‘ओरिजिनल दाखवा’ म्हणणारी खिडकी अजून शाबूत आहे.

आता तुझे मूळ प्रश्न.

स्कोप. हा शब्द मला आवडत नाही, पण असो. बायोमेडिकल म्हणजे एक नोकरी नाही, पाच-सहा वेगवेगळे धंदे आहेत आणि ते एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. हॉस्पिटलमधलं बायोमेडिकल डिपार्टमेंट: मशीनची नोंद, पीएम (ठरावीक काळाने करायची देखभाल), कॅलिब्रेशन, एएमसी-सीएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) ऑडिट आलं की आठवडाभर रात्री जागवणं. डीलर किंवा कंपनीची सर्व्हिस. अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे डॉक्टर-सिस्टरना मशीन वापरायला शिकवणं आणि डेमो. विक्री. रेग्युलेटरी आणि क्वालिटी, म्हणजे उपकरणांची सरकारी लायसन्स आणि दर्जाची कागदपत्रं. आणि आर अँड डी, ज्याची स्वप्नं पहिल्या वर्षी सगळ्यांना पडतात आणि ज्याला बहुतेक ठिकाणी एम.टेक. लागतंच. हॉस्पिटलबद्दल माझं वैयक्तिक मत (तिथे तीन वर्षं काढलीत, इतरांचं वेगळं असू शकतं): पहिली दोन वर्षं उत्तम, नंतर माणूस कंपन्यांना फोन लावणारा क्लार्क होतो. मुलाखतीत एक विचार, बायोमेडिकलवाले कुणाला रिपोर्ट करतात? प्लंबर-इलेक्ट्रिशियनच्या सुपरवायझरला करत असतील तर समजून जा.

मी आता रेग्युलेटरीत आहे आणि या वाटेबद्दल कॉलेजात कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. २०१७चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आले, उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग पडले. ऑक्टोबर २०२२ पासून ए-बीला आणि ऑक्टोबर २०२३ पासून सी-डीला लायसन्स सक्तीचं झालं. त्याआधी ज्यांना लायसन्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं अशा कारखान्यांना एकदम माणसं लागायला लागली. आयएसओ १३४८५ (उपकरणांच्या दर्जाचं मानक) आणि १४९७१ (त्यांच्या धोक्यांचं) या दोन नावांची नुसती तोंडओळख असलेला फ्रेशर आला तरी आम्ही खुर्ची पुढे करतो. काम कागदांचंच आहे. माझ्या नशिबी कागदच.

गेट द्यायची तर नोकरी घेऊनही देता येते, मी दिली होती. बीएमचा, म्हणजे बायोमेडिकलचा, पेपर आता आपल्याच विषयांवर आहे, त्याचा फायदा घे. आयआयटी मुंबई आहेच. आयआयटी दिल्लीचं बायोमेडिकल केंद्र १९७१ पासून एम्सच्या साथीने चालतं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतात बनलेली हृदयाची झडप दिली, तिथे हॉस्पिटल आणि लॅब एकाच संस्थेत आहेत. एम.टेक.शिवाय डिझाइनची चव घ्यायची तर आयआयटी मुंबईचं बेटिक (वैद्यकीय उपकरणं घडवणारं केंद्र) बघ, त्याच्या शाखा पुण्यात सीओईपीला आणि नागपुरात व्हीएनआयटीलाही निघाल्या.

आणि फील्ड. पहिल्या वर्षी प्रत्येक हॉस्पिटलात एकच प्रश्न: ‘मॅडम, इंजिनिअर कधी येणार?’ हातात टूल बॅग असताना. एकदा उदगीरहून कॉल आला, व्हेंटिलेटर फेल, पेशंटला भराभर श्वास देतंय, सेटिंग मिनिटाला बारा आणि मशीन मारतंय अठ्ठावीस. लातूरपर्यंत रात्रीची गाडी, पुढे एस.टी., सकाळी आयसीयूत. डॉक्टर चिडलेले, पेशंट अंबूवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), मामा बिचारा तासन् तास पिशवी दाबून थकलेला. मशीन टेस्ट लंगवर (तपासणीचं रबरी फुफ्फुस) लावलं तर एकदम शहाणं. मग पेशंटला लावायची सर्किट, म्हणजे नळ्या, उचलून बघितली: एक्स्पिरेटरी (उच्छ्वासाच्या) नळीच्या झोळात पाणी साचलेलं, ते जमा करणारा वॉटर ट्रॅप काठोकाठ. ते पाणी हललं की मशीनला वाटायचं पेशंटने श्वास ओढला, की दे श्वास. ट्रॅप रिकामा केला, नळी पेशंटपासून खाली उतरती बांधली, फ्लो ट्रिगर (किती ओढीला मशीनने श्वास समजायचा ती मर्यादा) जरासा वाढवला. चार मिनिटं. सिस्टरना शेजारी उभं करून दोनदा दाखवलं. सर्व्हिस रिपोर्टवर सही-शिक्का घेताना डॉक्टर म्हणाले, ‘एवढंच होतं?’ हो सर, एवढंच. त्यानंतर त्या हॉस्पिटलात मला कुणी इंजिनिअर कधी येणार विचारलं नाही, उलट माझ्याच नावाने कॉल यायचे. तेव्हा जमतं. राहण्याची जागा मात्र निघायच्या आधी कंपनीने बुक करून द्यायची, हे ऑफरच्या वेळीच ठरव. ‘तिथे गेल्यावर बघू’ चालवून घेऊ नकोस.

जाता जाता एक. तुझा डीलर सोनोग्राफी विकत असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा, कायदा नीट वाच. नोंदणी नसलेल्या सेंटरला मशीन विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. ‘हे पोर्टेबल जरा त्या डॉक्टरांकडे पोचव गं’ असं कुणी म्हटलं तर नोंदणी आणि परवानगीचे कागद बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. बॉस रागावला तर रागावू दे.

तर ऑफर घेण्याच्या मी विरोधात नाही. डीलर कुठल्या मशीनचा आहे ते तू लिहिलं नाहीस. व्हेंटिलेटर, अ‍ॅनेस्थेशिया, डायलिसिस असेल तर घे, नुसते बेड आणि सक्शन असतील तर दोन वर्षांचा बाँड महाग आहे. पण त्याआधी त्यांना आज मेल कर. दोनच ओळी: ‘सर्व मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी रुजू होण्याच्या दिवशी सोबत आणेन व तपासून झाल्यावर लगेच परत घेईन. साक्षांकित प्रती जमा करेन.’ विनवणी नको, कारणं नकोत. तरीही अडून बसले तर निदान यादी, कंपनीचा शिक्का आणि ‘मागितल्यापासून सात दिवसांत परत’ असं लेटरहेडवर घे. आणि सगळ्याच्या रंगीत स्कॅन आज रात्री.

काय उत्तर आलं ते इथे लिही. मेलचं उत्तर फोनवर आलं तर तेही लिही.